पेट्रोल कोण पितंय? गाडीचं अ‍ॅव्हरेज घटलं तर काय बघायचं

(आपल्या केंद्रावरून प्रसारित झालेलं भाषण)

भाकऱ्या झाल्या असतील तर बसून ऐका, नसतील तर करता करता ऐका. आज शेळ्या नाहीत, पापड नाहीत, कर्जाचे हप्तेही नाहीत. आज बोलायचंय गाडीबद्दल.

सुरुवातीलाच सांगते, मला गाडी चालवता येत नाही. तरी बोलणार आहे, कारण आमच्या गटाच्या गाडीचं पेट्रोल माझ्या वहीत लिहिलं जातं. त्या वहीमुळे आमचा गट मोडता मोडता राहिला. कसा, ते आधी सांगते.

आमच्या बचत गटाने तीन वर्षांपूर्वी जुनी पेट्रोलची व्हॅन घेतली. मसाले, शेवया, भाजी तालुक्याच्या बाजारात न्यायची, येताना किराणा आणायचा. चालवायला आमच्याच गटातल्या एका ताईंचा मुलगा ठेवला. पहिल्या महिन्यात आम्ही कौतुकाने टाकी भरून मोजलं होतं, तेव्हा गाडीने लिटरला १६ किलोमीटर दिले होते. पुढे कुणी मोजलं नाही. कधी ५०० चं पेट्रोल टाकलं, कधी ७०० चं. वहीत फक्त रुपये.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर खर्च वाढायला लागला. फेऱ्या तेवढ्याच, माल तेवढाच, आणि पेट्रोलचे पैसे मात्र जास्त. मासिक बैठकीत कुजबुज सुरू झाली. मग एक जण म्हणाली, “पेट्रोल गाडी पितेय की आणखी कुणी?” खोटं का बोलू, ती मीच होते. त्या मुलाची आई समोर बसली होती. ती एक शब्द बोलली नाही, पदर सावरून उठली आणि गेली. पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण एका पोराला चोर म्हटलं आणि आपल्याकडे पुरावा काय? रुपयांची वही. म्हणून पुढे जे शिकले, ते आज तुम्हाला सांगते.

आधी मोजा, मग बोला

गाडीचं अ‍ॅव्हरेज म्हणजे एका लिटरमध्ये किती किलोमीटर. ते रुपयांवरून कळत नाही, कारण भाव बदलतो. काट्यावरूनही नीट कळत नाही, कारण गाडी चढावर उभी असेल तर काटा वेगळं दाखवतो. मोजायची खात्रीची रीत एकच, टाकी ते टाकी.

पंपावर जाऊन टाकी भरायला सांगा. नळी आपोआप ‘खट्’ करून बंद झाली की थांबा, वरून आणखी ओतू देऊ नका. मीटरवरचा आकडा लिहा. मग गाडी नेहमीसारखी चालवा, निदान ३०० किलोमीटर. पुन्हा शक्यतो त्याच पंपावर, त्याच पद्धतीने, पहिल्या ‘खट्’पर्यंत भरा. बिलावर जितके लिटर आले, तितकंच पेट्रोल गाडीने खाल्लं.

आमचा हिशोब असा. पहिला आकडा ८४,२१०. दुसरा ८४,५४६. म्हणजे ३३६ किलोमीटर. पेट्रोल बसलं २८ लिटर. ३३६ भागिले २८, उत्तर १२. एकदा मोजून विश्वास ठेवू नका, दोनदा मोजा. आमचं दुसऱ्यांदाही बारा आणि वर थोडं आलं.

आता १६ आणि १२ मधला फरक पैशात बघा. आमची गाडी महिन्याला साधारण १,२०० किलोमीटर फिरते. १६ ने ७५ लिटर लागतात, १२ ने १०० लिटर. महिन्याला २५ लिटरचा फरक. हिशोब सोपा व्हावा म्हणून लिटरला १०० रुपये धरले, तरी महिन्याला २,५०० आणि वर्षाला ३०,००० रुपये. एवढ्यात एका बाईची शिलाई मशीन येते आणि वर कापडही येतं.

मोजताना टाकी भरली त्या दिवसापासून चावी माझ्याकडे होती. गाडी रात्री माझ्या दारात. आणि मुलासोबत प्रत्येक फेरीला गटातली एक बाई. तरीही बारा. म्हणजे पेट्रोल गाडीच पीत होती.

पंपावरच शंका असेल तर तीही भांडण न करता मिटवता येते. भरण्याआधी मशीनवर शून्य बघा, दरवेळी बिल घ्या. पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवलेलं असतं. ‘मापून दाखवा’ असं म्हणायचा ग्राहकाला हक्क आहे.

किती अ‍ॅव्हरेजची आशा धरायची?

गाडी विकताना जो आकडा सांगतात, तो रस्त्यावरचा नसतो. आपल्या पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय नावाची वाहनांची तपासणी करणारी संस्था आहे. अशा ठिकाणी गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगाने चालवतात आणि आकडा काढतात. तिथे खड्डे नाहीत, चढ नाही, मागे मिरचीची पोती नाहीत. म्हणून आपल्या गाडीची तुलना जाहिरातीशी करू नका. तिच्याच जुन्या आकड्याशी करा.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. त्यातलं काही आपल्याच उसापासून होतं. पण एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पूर्वी १० टक्के मिसळ होती, ती २० टक्के झाली, तर अ‍ॅव्हरेज साधारण तीन-साडेतीन टक्के उतरतं. म्हणजे १६ चं साडेपंधरा होईल. १२ होणार नाही. आमच्याकडे एक जण म्हणाला, “ताई, ते इथेनॉलमुळे आहे, गप्प बसा.” आम्ही गप्प बसलो नाही.

फुकटातली तपासणी

घर झाडताना आपण आधी सोपा कोपरा घेतो. इथेही तसंच करा. गॅरेजला जायच्या आधी जे बिनपैशाचं आहे ते बघा. मात्र आधी एक ताकीद. इंजिन चालू असताना पदर, ओढणी, वेणी नीट खोचून घ्या. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. आणि पेट्रोलचा वास येत असेल तिथे काडी, दिवा, विडी जवळ आणू नका. बॅटरीचा टॉर्च वापरा, तोही जरा लांबून.

पहिली गोष्ट, हवा. चालकाच्या दारापाशी, चौकटीवर एक स्टिकर असतो. पुढच्या आणि मागच्या चाकात किती पौंड हवा, रिकामी गाडी असताना किती, भरलेली असताना किती, ते त्यावर लिहिलेलं असतं. तेवढीच भरा. हवा तपासायची ती सकाळी, गाडी चालवण्याआधी, कारण चालल्यावर टायर तापतात आणि आकडा वाढलेला दिसतो. मऊ टायर रस्त्याला जास्त चिकटतो, गाडी ओढायला जोर लागतो. आमच्या चारही चाकांत सात-आठ पौंड हवा कमी होती.

दुसरी गोष्ट, ओझं. आमच्या गाडीत मागच्या सीटखाली काय काय निघालं सांगू? जुना वजनकाटा, दोन लोखंडी वजनं, गेल्या जत्रेतला तंबूचा कपडा, पाण्याचा भरलेला कॅन. वर टपावर लोखंडी कॅरिअर, जो महिन्यातून एकदा लागायचा. टपावरचा कॅरिअर वारा अडवतो, वेग वाढला की जास्तच. तो काढून ठेवला.

तिसरी गोष्ट, गळती. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरा. सकाळी डाग बघा. पेट्रोलचा डाग उडून जातो, पण वास राहतो. जुन्या गाडीत रबरी नळ्या कडक होऊन तडकतात. पेट्रोलची गळती दिसली तर गाडी चालूच करू नका, मिस्त्रीला घरी बोलवा.

चौथी गोष्ट, ढकलून बघा. हे मला सगळ्यात आवडलं. सपाट मैदानात गाडी न्या. चालक आत बसलेला, पाय ब्रेकच्या जवळ, चावी फिरवून स्टिअरिंग मोकळं केलेलं, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक खाली. आता मागून ढकला. निरोगी व्हॅन सपाटीवर दोन बायकांनी रेटा दिला की सरकते. आम्ही शाळेच्या मैदानात चौघींनी जोर लावला तरी ती म्हशीसारखी रुतून बसली. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडला. गाडी सतत ब्रेक ओढून चालत होती.

पाचवी गोष्ट, चाकाची ऊब. पाच-सहा किलोमीटर चालवा, शेवटी ब्रेक फार न दाबता थांबा. मग प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्या. लावू नका, नुसता जवळ न्या, चटका बसेल. चुलीजवळ हात नेतो तसं. डावं आणि उजवं चाक सारखं उबदार हवं. आमचं मागचं डावं चाक रणरणत होतं.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

गॅरेजमध्ये जाऊन नुसतं ‘अ‍ॅव्हरेज देत नाही’ म्हटलं की मिस्त्री अंदाजाने हे बदल, ते बदल करतो. डॉक्टरला आपण ‘बरं नाही’ एवढंच सांगत नाही, ताप किती आणि कधीपासून तेही सांगतो. आम्ही कागदावर लिहून नेलं: आधी १६, आता १२. पावसाळ्यानंतर फरक पडला. ढकलली तर सरकत नाही. मागचं डावं चाक तापतं.

मिस्त्रीने गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवलं, फिरेना. हँडब्रेकची केबल चिखलाने गंजून अडकली होती. दांडा खाली केला तरी केबल मागे येत नव्हती आणि लायनर ड्रमला घासत राहायचे. आमची गाडी देवळाजवळच्या उतारावर उभी असते, म्हणून हँडब्रेक रोज कचकचून ओढलेला. पोराची चूक नव्हती, उलट काळजीच होती.

मग मी विचारलं, “आणखी काही?” त्याने विचारलं, “गाडी तापल्यावर पाण्याचा काटा मध्यावर येतो का?” चालक म्हणाला, “कधीच येत नाही, खालीच असतो. मला वाटलं, थंड म्हणजे चांगलं.”

इथे नीट ऐका. इंजिन थंड राहणं चांगलं नसतं. चूल पेटवताना सुरुवातीला जास्त काटक्या लागतात. चूल तापली की कमी सरपणात काम होतं. इंजिनाचंही तसंच. थंड असताना त्याला जास्त पेट्रोल द्यावं लागतं. ते लवकर तापावं म्हणून थर्मोस्टॅट नावाचा एक छोटा वॉल्व्ह पाणी अडवून धरतो, आणि पुरेसं तापल्यावर रेडिएटरकडे सोडतो. वॉल्व्ह उघडा अडकला किंवा मुळात नसलाच, तर इंजिन अर्धं थंडच चालतं आणि पेट्रोल पीत राहतं.

आमच्या गाडीत तो नव्हताच. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी दाखवली होती. तिथे वॉल्व्ह काढून टाकला होता आणि आम्हाला सांगितलंही नव्हतं. असं बऱ्याच ठिकाणी करतात. गाडी तापत असेल तर पाणी, पंखा, रेडिएटर दुरुस्त करायचा असतो, वॉल्व्ह काढायचा नसतो. तुम्हाला घरी ओळखायचं असेल तर काट्यावर लक्ष ठेवा. पाच-दहा किलोमीटरनंतरही काटा वर सरकत नसेल तर विचारा. काही नव्या गाड्यांत काटा नसतो, निळा दिवा असतो. तो थोड्या वेळात विझायला हवा.

आणखी कुठे पेट्रोल जातं?

तुमच्या गाडीचं दुखणं वेगळं असू शकतं, म्हणून बाकीचंही थोडक्यात सांगते.

एअर फिल्टर. आपल्याकडे धूळ भरपूर. खूप जुन्या, कार्बोरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की हवा कमी पडते आणि पेट्रोल जास्त जळतं, चुलीत हवा नसली की धूर होतो तसं. नव्या इंजेक्शनच्या गाडीत हवा मोजूनच पेट्रोल सोडतात, त्यामुळे अ‍ॅव्हरेजपेक्षा ओढ जास्त कमी होते. फिल्टर कागदी असेल तर धुऊ नका. ठरल्या वेळी बदला.

प्लग. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काजळीने काळंकुट्ट असेल तर पेट्रोल पूर्ण जळत नाही. इंजिन अडखळत असेल, गचके देत असेल तर प्लग आधी बघायला सांगा.

क्लच. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी तेवढी पळत नाही, चढावर जळका वास येतो, तर क्लच प्लेट घसरते आहे. कायम क्लचवर पाय ठेवून चालवण्याच्या सवयीने हे लवकर होतं.

पिवळा दिवा. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागून राहिला तर मशीन जोडून दोष वाचून घ्या. पेट्रोल किती सोडायचं हे ठरवणारा सेन्सर बिघडला तरी तो लागतो. पण दिवा नाही म्हणजे दोष नाही असं समजू नका. आमच्या गाडीत तो एकदाही लागला नाही.

चालवण्याची सवय

आमच्या चालकाची एक सवय मात्र चुकीची निघाली, आणि ती बऱ्याच जणांना असते. घाट उतरताना तो गाडी न्यूट्रलमध्ये टाकायचा, पेट्रोल वाचतं म्हणून. इंजेक्शनच्या गाडीत उलट होतं. गिअरमध्ये ठेवून रेसवरचा पाय काढला की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि पेट्रोल सोडणं बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. त्याहून मोठी गोष्ट, न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. गाडीत आपल्या बायका बसलेल्या असतात. तेव्हा उतारावर न्यूट्रल नाही, म्हणजे नाही.

बाकी साध्या गोष्टी. एकदम रेस देऊन पुढच्याच वळणावर ब्रेक मारायचा नाही. वेग आला की वरचा गिअर टाकायचा. इंधन बचतीचं काम करणारी पीसीआरए ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग ठेवायला सांगते. आणि बाजारात माल उतरवताना इंजिन बंद. उभी गाडी शून्य किलोमीटर देते.

एका वेळी एकच

एक चूक करू नका. सगळ्या दुरुस्त्या एकदम करू नका. भाजीत मीठ, गूळ, चिंच एकदम टाकली तर चव कशाने आली ते कळत नाही. आम्ही एक काम करायचो आणि एक टाकी मोजायचो. हवा भरली, ओझं उतरवलं, कॅरिअर काढला, तेव्हा १२ चे १२.६ झाले. केबल बदलून ब्रेक मोकळा केला, १४.२. थर्मोस्टॅट बसवला, १५.३. तिथे आम्ही थांबलो, कारण इथेनॉलचा फरक धरला तर गाडी आता जवळपास निरोगी आहे.

दुरुस्तीला २,८०० च्या आसपास खर्च आला. महिन्याला वीस-बावीस लिटर वाचतात, म्हणजे दीड महिन्यात खर्च निघाला. मिस्त्रीकडून काढलेली केबल आम्ही मागून घेतली. तुम्हीही काढलेला पार्ट नेहमी मागा. बदलला की नाही, ते कळतं.

आता आमच्या वहीत रुपयांच्या आधी चार रकाने असतात: तारीख, मीटरचा आकडा, लिटर, आणि भागाकार. वही त्या मुलाकडेच असते. महिन्याच्या बैठकीत तो उभा राहून वाचून दाखवतो.

त्याच्या आईकडे मी स्वतः गेले होते. ती केबल पिशवीत घालून नेली, तिच्या ओट्यावर ठेवली आणि म्हटलं, “पेट्रोल हिने प्यायलं, आणि तोंड माझं चाललं. माझं चुकलं.” तिने केबल हातात घेऊन उलटसुलट करून बघितली, मग चहा टाकला. ती आता बैठकीला येते. अजून दाराजवळच बसते, पण येते.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या गटाची, घरची, भावाची कुठलीही गाडी असो, उद्याच मीटरचा आकडा लिहून ठेवा. आज सगळं ठीक आहे तेव्हाच लिहा. जुना आकडा वहीत असला की गाडीचं दुखणं गाडीवरच ठरतं, माणसावर जात नाही.

तुमचा आकडा काय आला ते आम्हाला केंद्रावर नक्की कळवा. येते. नमस्कार.